रिटार्डरचा डबा, उंदरांवरचे प्रयोग आणि वहिनींचा दुसरा महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ दोन खोल्यांत स्क्रीन प्रिंटिंग चालतं. कापडी पिशव्या, टॉवेलचे खोके, लग्नसराईत पत्रिका. नवरा-बायको दोघंही कामाला बसतात. तिला आता दुसरा महिना लागलाय. शाई लवकर सुकू नये म्हणून तिच्यात घालायच्या रिटार्डर नावाच्या द्रवाचं सुरक्षा माहितीपत्रक मेहुण्याने मागवून वाचलं. श्वासावाटे दिल्यावर उंदरांत आणि सशांत गर्भावर व वृषणांवर परिणाम होतो, असं त्यात लिहिलेलं निघालं. माल देणारा म्हणतो, "उंदरांचं माणसाला लागत नाही." घरात मात्र गर्भ ठेवावा की नाही, इथपर्यंत बोलणं गेलंय. शिवाय लग्नाला चार वर्षं झाल्यावर दिवस राहिले, त्याचाही या डब्याशी संबंध असेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी गर्भ ठेवण्याचं बोलते, कारण त्यानेच घरातली झोप उडाली असणार. माहितीपत्रकातल्या एका ओळीवरून गर्भपाताचा विचार करू नका. ती ओळ डब्यातल्या द्रवाबद्दल आहे, तुमच्या बाळाबद्दल नाही. कुठल्याही विषाचा संबंध नसतानाही दर 100 जन्मांमागे 2 ते 3 बाळांत काही ना काही जन्मजात दोष सापडतो, आणि बाकीची बाळं ठणठणीत असतात. वहिनींनी आज करायची गोष्ट एकच. त्या खोलीतलं काम थांबवायचं. उद्यापासून नाही, आजपासून. माणसाच्या गर्भात हृदय, हातपाय, चेहरा हे सगळं गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आकार घेतं. त्या नेमक्या त्याच दिवसांत आहेत.

आता उंदरांबद्दल. श्वासावाटे रसायनं देऊन त्यांचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी 26 वर्षं काम केलं. गाभण माद्यांची गर्भाशयं हजारांनी उघडून मोजली आहेत. "उंदरांचं माणसाला लागत नाही" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण त्या प्रयोगात नेमकं काय होतं ते सांगणाऱ्याला माहीत नसतं. ते आधी सांगते.

प्रयोगशाळेत मोठ्या पांढऱ्या उंदराला रॅट म्हणतात आणि छोट्याला माऊस. रॅटची मादी 21-22 दिवसांत विते. गर्भ गर्भाशयात रुजतो साधारण सहाव्या दिवशी, आणि सहाव्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत बहुतेक अवयव घडतात. काच आणि स्टीलच्या बंद कोठीत माद्या जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवतात. हवा तासाला बारा-पंधरा वेळा बदलते. त्या हवेत रसायनाची वाफ ठरावीक प्रमाणात सोडतात आणि ते प्रमाण यंत्रावर पुन्हा पुन्हा मोजतात. रोज 6 तास, गर्भ रुजल्यापासून विण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. चार गट असतात: एकाला नुसती स्वच्छ हवा, बाकी तिघांना चढत्या प्रमाणात वाफ. प्रत्येक गटात वीसहून जास्त गाभण माद्या. त्या 6 तासांत खायला मिळत नाही, म्हणून स्वच्छ हवेच्या गटालाही तेवढा वेळ उपाशी ठेवतात. नाहीतर उपासाचा परिणाम विषाच्या नावावर जमा व्हायचा.

विण्याच्या आदल्या दिवशी गर्भाशय उघडतात. अंडाशयावरचे पीतपिंड मोजले की किती अंडी सुटली ते कळतं. रुजल्याच्या खुणा मोजल्या की किती गर्भ रुजले ते, आणि विरून गेलेल्यांच्या खुणा मोजल्या की किती वाया गेले ते कळतं. मग एकेक पिलू वजनावर. निम्म्या पिलांच्या आतल्या अवयवांचे काप काढून पाहतात. उरलेल्यांची हाडं रंगवतात, आणि त्या रंगाचं नाव आपल्याकडच्या जुन्या रंगाऱ्यांना परकं नाही: अलिझरिन, मंजिष्ठातला तांबडा. मांस पारदर्शक होतं आणि आत लालभडक सांगाडा दिसतो. एखादी जास्तीची बरगडी, जुळून न आलेला मणका, तिथे काहीही लपत नाही. हा हिशोब पिलांवर नाही, वेतावर करतात. एका आईच्या बारा पिलांत दोष दिसला तर तो बारा वेळा धरत नाहीत, एकदाच धरतात, कारण ती बाराही एकाच पोटात वाढलेली असतात. ज्या अहवालात पिलं सुटी सुटी मोजलेली असतात, त्यावर मी भरवसा ठेवत नाही.

माल देणाऱ्याचा दुसरा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण तो बहुधा असणारच: "उंदरांना डोसच इतका देतात की काहीही होईल." यात थोडं तथ्य आहे. डोस मोठे देतात. त्याचं कारण मात्र साधं आहे. पंचवीस वेतं म्हणजे फार तर तीनशे पिलं. एखादं रसायन हजारातल्या एका बाळाला बाधत असेल, तर तेवढ्या पिलांत ते दिसायची शक्यता फारच कमी. म्हणून वरचा डोस असा निवडतात की आईला थोडा त्रास दिसेल, वजन कमी वाढेल, पण ती मरणार नाही. मग निकाल वाचताना पहिला प्रश्न हा येतो: पिलांना बाधा झाली, ती आई आजारी पडली म्हणून, की आई धडधाकट असतानाही? दुसऱ्या प्रकारचं रसायन जास्त भीतीचं. तुमच्या डब्यातल्या रसायनांच्या कुटुंबात हे दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून आता डब्याकडे येते.

स्क्रीन प्रिंटिंगची शाई जाळीत लवकर सुकू नये म्हणून रिटार्डर घालतात. त्यात बऱ्याचदा "सेलोसॉल्व्ह" असतं. बाजारात सगळे नुसतं सेलोसॉल्व्ह म्हणतात, पण मिथाइल, इथाइल आणि ब्युटाइल ही तीन वेगळी रसायनं आहेत. त्यांच्यातला फरक तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मिथाइल सेलोसॉल्व्ह, शास्त्रीय नाव 2-मेथॉक्सिइथेनॉल. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं मेथॉक्सिअॅसेटिक आम्ल करतं आणि खरं नुकसान ते आम्ल करतं. 1980 च्या दशकातल्या प्रयोगांत 300 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग वाफ असताना, 13 आठवड्यांत नर रॅटची वृषणं आक्रसली. सशांत त्याहून कमी प्रमाणातही परिणाम दिसू लागला. गाभण सशांना 50 पीपीएम दिल्यावर पिलांत व्यंगं आली. 10 पीपीएमला आली नाहीत. आई फारशी आजारी नसताना पोटातल्या पिलाला बाधणारं असं हे रसायन आहे. इथाइल सेलोसॉल्व्ह त्याचं सख्खं भावंड, थोडं सौम्य, पण वळण तेच.

ब्युटाइल सेलोसॉल्व्हचं वेगळं. ते श्वासात गेलं की रॅटच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. 100 आणि 200 पीपीएमला माद्या आजारी पडल्या. 200 ला काही गर्भ गेले, पण पिलांत व्यंगं आली नाहीत. ब्युटाइलपासून शरीरात जे आम्ल बनतं, त्यापुढे माणसाच्या तांबड्या पेशी रॅटच्या पेशींपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात. म्हणजे इथे रॅट आपल्यापेक्षा नाजूक, आणि "उंदरांचं माणसाला लागत नाही" हे वाक्य या एका बाबतीत बरंचसं खरं. मिथाइलच्या बाबतीत ते उलटं पडतं, ते असं.

माणसांना थोडी वाफ देऊन लघवीतलं मेथॉक्सिअॅसेटिक आम्ल मोजलं, तेव्हा ते निम्मं व्हायला सरासरी 77 तास लागले. रॅट त्याहून खूप लवकर मोकळा होतो. सोमवारी आत गेलेलं तुमच्या अंगात गुरुवारीही निम्मं शिल्लक असतं, त्यावर मंगळवारचं, बुधवारचं चढत जातं आणि रविवारच्या सुट्टीत सगळं उतरत नाही. इथे माणूस रॅटपेक्षा कच्चा आहे. सशांत न बाधणाऱ्या 10 पीपीएमच्या शंभराव्या भागावर, 0.1 पीपीएमवर, अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने कामाच्या जागेची शिफारस आणून ठेवली, ती उगीच नाही. इतक्या कमी प्रमाणाला नाक भरवशाचं नसतं. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं धरू नका.

माणसांत काय दिसलं तेही सांगते. अमेरिकेत जहाजांना रंग देणाऱ्या कामगारांत, ज्यांच्या रंगात हे दोन सेलोसॉल्व्ह होते, शुक्राणूंची संख्या कमी असलेले पुरुष जास्त सापडले. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत या कुटुंबातल्या द्रावणांशी काम करणाऱ्या बायकांत गर्भ पडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. रॅट आणि ससे जे आधी बोलले होते तेच.

आणि उंदरांचं ऐकलं नाही की काय होतं, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला पहिल्या आठवड्यात सांगायचे. डीबीसीपी नावाचं जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध होतं. 1961 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात, अगदी 5 पीपीएम वाफेतही रॅटची वृषणं आक्रसलेली दिसली होती. औषध बनत राहिलं, विकलं जात राहिलं. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे ते बनवणाऱ्या कामगारांनी आपसात बोलताना लक्षात घेतलं की कुणालाच मूल होत नाहीये. तपासणी केली तर बऱ्याच जणांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते किंवा फार थोडे होते. मधली 16 वर्षं उंदरांचा निकाल कागदावर पडून होता.

उलटंही झालंय. दक्षिण कोरियात 1995 मध्ये इलेक्ट्रॉनिक भाग जोडणाऱ्या कारखान्यात ओझोनला मारक असलेल्या द्रावणाऐवजी 2-ब्रोमोप्रोपेन आणलं. कुणी आधी उंदरांवर पाहिलंच नव्हतं. 25 बायकांपैकी 16 जणींची अंडाशयं निकामी झाली, पाळी बंद. 8 पुरुषांपैकी 6 जणांच्या शुक्राणूंत बिघाड. त्यानंतर कोठीत रॅट ठेवले, आणि त्यांच्यातही तेच घडलं. त्या 16 जणींच्या आधी ते रॅट कोठीत गेले असते तर, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

म्हणून माझा अनुभव असा की उंदराने "हो" म्हटलं तर ते गंभीरपणे घ्यावं, आणि "नाही" म्हटलं तर थोडं थांबून विचारावं. प्राण्याप्राण्यांत फरक असतोच. ब्युटाडाईन नावाच्या वायूने माऊसच्या अंडाशयाचा ऱ्हास होतो, तोही आयुष्यभर 6.25 पीपीएम इतक्या कमी प्रमाणात. रॅटला 8000 पीपीएम देऊनही तसं झालं नाही, कारण माऊसचं शरीर त्यातून एक घातक रूप जास्त बनवतं. कुठला प्राणी आपल्यासारखा, हे रसायन आत गेल्यावर काय बनतं यावर ठरतं.

आता तुमच्या स्वतःबद्दल, चार वर्षं वाट पाहिली त्याबद्दल. इथे रॅटच्या प्रयोगाची एक मोठी उणीव आहे आणि ती पुरुषांना कुणी सांगत नाही. नराला समागमाआधी 10 आठवडे वाफेत ठेवतात, कारण रॅटमध्ये एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 52 दिवस लागतात आणि पुढे पिकायला आणखी. मग मादी गाभण राहिली का ते पाहतात. पण रॅटजवळ शुक्राणूंचा इतका साठा असतो की दहातले नऊ कमी झाले तरी तो पिलं देऊ शकतो. माणसाजवळ एवढी गंगाजळी नाही. म्हणून "रॅटच्या प्रजननक्षमतेवर परिणाम नाही" एवढ्याच वाक्यावर थांबू नका. चांगल्या अहवालात वृषणाचं वजन, सूक्ष्मदर्शकाखालचे काप आणि शुक्राणूंची संख्या वेगळी दिलेली असते. ती बघा. तुम्हाला उशीर झाला तो या डब्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. उशिराची कारणं डझनभर असतात. पण तपासणी करण्याइतकं कारण नक्की आहे.

तुमच्या खोलीत श्वासाहूनही मोठी वाट कुठली, ते सांगते, कारण माहितीपत्रकात त्यावर एक शब्द असतो आणि लोक तो ओलांडून जातात. त्वचा. मिथाइल आणि इथाइल सेलोसॉल्व्ह हातावाटे सहज आत शिरतात. कोठीतल्या रॅटला फक्त वाफ मिळते, पण स्क्रीन धुणारा माणूस कोपरापर्यंत द्रवात असतो. संध्याकाळी हातावरची शाई काढायला, शाई पातळ करायचा थिनरच चिंधीवर घेऊन हात चोळायची सवय मी आपल्या गावात अनेक ठिकाणी पाहिली आहे. वहिनी कधी स्क्रीन धुवायला बसत असतील, तर श्वासाआधी तो हात थांबवा.

मग आपलं ऊन. प्रयोगशाळेतली कोठी 22 अंशांच्या आसपास ठेवलेली असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पत्र्याखालची खोली दुपारी चाळिशी ओलांडते. थिनरमधल्या टोल्युइन या द्रावकाचा बाष्पदाब, म्हणजे त्याची वाफ व्हायचा जोर, 20 अंशांवर असतो त्याच्या अडीचपटीहून जास्त 40 अंशांवर होतो. तेवढीच शाई, तेवढाच थिनर, पण खोलीत वाफ कितीतरी अधिक. टोल्युइनचंही थोडक्यात: गाभण रॅटना आणि मग त्यांच्या पिलांना रोज 6 तास 1200 पीपीएम दिल्यावर पिलं दिसायला नीट होती, पण मोठेपणी पाण्याच्या हौदातली वाट शिकायला त्यांच्यातल्या माद्यांना जड गेलं. सांगाड्यात न दिसणारं नुकसानही असतं, ते असं. नीट हवा असलेल्या खोलीत इतकं प्रमाण होत नाही. बंद खोलीत, उघड्या डब्यावर वाकून, दुपारी तीन वाजता, मी खात्री देणार नाही.

आता काय करायचं. माहितीपत्रकात नाव काय लिहिलंय ते पाहा: 2-मेथॉक्सिइथेनॉल, 2-इथॉक्सिइथेनॉल, किंवा त्यांचं अॅसिटेट असेल तर तो डबा परत करा. वहिनी कामावर असोत वा नसोत, तुमच्यासाठीही तो नको. माल देणाऱ्याला सरळ सांगा की या दोन्हींशिवायचा रिटार्डर द्या, तसे मिळतात. ज्या डब्याबरोबर माहितीपत्रकच मिळत नाही, तो स्वस्त असला तरी घेऊ नका.

कापडी मास्क किंवा एन-95 वाफ अडवत नाही, ते धुळीसाठी आहेत. वाफेला सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि ती डबी भरली की बदलावी लागते. दवाखान्यातले पातळ रबरी हातमोजे या द्रावणांपुढे टिकत नाहीत. सेलोसॉल्व्हला ब्युटाइल रबरचे सगळ्यात चांगले. थोड्या वेळाच्या कामाला नायट्राइल, आणि ओले झाले की टाकून द्यायचे. छताचा पंखा वाफ खोलीभर पसरवतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून एक्झॉस्ट फॅन टेबलाच्या उंचीला किंवा खाली, तुमच्या समोरच्या भिंतीत बसवा, म्हणजे हवा तुमच्या पाठीकडून येऊन तोंडापासून दूर जाईल. चिंध्या झाकणाच्या डब्यात. हात साबणाने आणि थोड्या गोड्या तेलाने धुवा, थिनरने नाही. तुमचे कामाचे कपडे वहिनींनी धुऊ नयेत. घरात शिरण्याआधी बदला.

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात पंधरा वर्षं विड्या वळायची, आणि आम्ही पोरं तंबाखूच्या सुपाशेजारीच झोपायचो. पोटुशी असतानाही ती सूप घेऊन बसत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी हजार विड्यांची मजुरी सोडणं तिच्या हातात नव्हतं. म्हणून "काम बंद करा" हे मी हलकेपणाने लिहीत नाही. तुमच्याकडे हिशोब, गिऱ्हाइकांचे फोन, डिझाइन, घडी घालणं हीही कामं आहेत, आणि ती दुसऱ्या जागी, शक्यतो घरी, करता येतील. छपाईच्या खोलीला लागून दार उघडं ठेवून नको.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना माहितीपत्रकाची प्रत सोबत न्या आणि वहिनींनी कुठल्या तारखेपर्यंत, रोज किती तास, कुठलं काम केलं ते एका कागदावर लिहून द्या. फॉलिक अॅसिड सुरू नसेल तर विचारा. 11 ते 13 आठवड्यांची सोनोग्राफी आणि 18 ते 20 आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी, या दोन्ही चुकवू नका. ज्या भीतीवर घरात रात्री चर्चा चालली आहे, तिचं खरं उत्तर बरंचसं त्या दुसऱ्या तपासणीत मिळेल.

आणि तुम्ही स्वतः वीर्यतपासणी करून घ्या, 2 ते 7 दिवसांचा संयम ठेवून. एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाखांपेक्षा कमी शुक्राणू आले तरी घाबरू नका. डबा बदलून, हातमोजे घालून तीन महिने काम करा आणि मग पुन्हा तपासा, कारण माणसात शुक्राणूंची एक पूर्ण फेरी साधारण अडीच महिन्यांची असते. दोन्ही अहवाल आणि डब्यावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो आला की पुढचं सांगेन.